वर ऑरेंज

मस्कतच्या वादी कबीर भागात वर्कशॉपांच्या रांगेमागे एक लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. पुढच्या काचेत अबाया, म्हणजे पायघोळ काळे झगे, टांगलेले असतात, पण खरं काम आतल्या खोलीत चालतं. पडदे, सोफ्याची कव्हरं, शाळांचे युनिफॉर्म आणि झेंडे. झेंडे शिवायचं काम शकीला सोलकरचं. वय चोपन्न, गाव रत्नागिरीजवळ खाडीकाठचं, मस्कतमध्ये एकोणीस वर्षं. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते. मी सहा वर्षांची असल्यापासून तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते.

खालाची काम करायची एक पद्धत आहे. ती मापाचा कागद टेबलावर ठेवत नाही. एकदा वाचते, खिशात घालते आणि मग खडू हातात घेते. खडूची रेघ एकदाच. पुसून पुन्हा आखलेली रेघ मी तिच्या टेबलावर कधी पाहिली नाही. नवीन आलेल्या बायकांना ती सांगायची, "डोक्यात बसला तर हातात बसतो. कागद काय, पंख्यानं उडून जाईल."

मी रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे रंगाला नाव नसतं, नंबर असतो. मशीन रंगावर प्रकाश टाकतं, परत आलेला प्रकाश मोजतं आणि तीन आकडे देतं. आकडे जुळले तर रंग तोच, नाही जुळले तर दुसरा. खाला मला हसायची. "मशीनला इचारून रंग बघणार तुमी? डोळे कशाला दिलेत अल्लानं?"

तिच्या डोळ्यांवर माझाही विश्वास होता. म्हणून एप्रिलमध्ये जे झालं ते मला सुरुवातीला खरंच वाटेना.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिला प्रतापकाकांचा व्हॉइस मेसेज आला. प्रतापकाका मस्कतच्याच कुरुम भागातल्या एका इव्हेंट कंपनीत सुपरवायझर. आमच्या घरी त्यांचं येणंजाणं. बाबा साइटवर असायचे तेव्हा मला शाळेत त्यांच्याच गाडीतून सोडलेलं आहे. त्यांना एक मोठं काम मिळालं होतं. बंदराचं काम करणारी एक डच कंपनी त्यांच्या राजाच्या वाढदिवसाला हॉटेलच्या लॉनवर पार्टी देणार होती. त्यासाठी चाळीस झेंडे हवे होते. मेसेज हिंदीत होता, कारण काका कामाचं सगळ्यांशी हिंदीतच बोलतात.

"शकीलाआपा, चालीस फ्लॅग. रेड, व्हाइट, ब्लू. और ऊपर ऑरेंज रहेगा, हां? ऑरेंज ऊपर. भूलना मत. यल्ला, पच्चीस तारीख को चाहिए."

खालाने मेसेज दोनदा ऐकला. लाल, पांढरा, निळा आणि वर ऑरेंज. तीन पट्ट्यांच्या झेंड्यात चौथी पट्टी कशी बसणार? तिने उलट मेसेज पाठवला, "परताबभाई, लाल की जगह ऑरेंज ना? सबसे ऊपर?" काका तेव्हा गाडी चालवत होते. उत्तर आलं, "हां हां, ऑरेंज. उनका नेशनल कलर है. ऊपर ऑरेंज, बस."

मग तिला काही शंका राहिली नाही. ती दर ऑगस्टमध्ये इथल्या भारतीय शाळेसाठी तिरंगे शिवते. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा. ह्यांचा खाली निळा, एवढाच फरक. कपाटात तिरंग्याचं केशरी सॅटिन होतंच. तिने कापड पसरलं, खडूची रेघ ओढली, आणि चाळीस झेंडे चार दिवसांत तयार केले. पहिला झाल्यावर फोटो काढून काकांना पाठवला. काकांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "एकदम सही."

पार्टीच्या दिवशी खाला दुकानातच होती. संध्याकाळी साडेसहाला काकांचा फोन आला. ते ओरडत होते, मागे गाण्याचा आवाज होता.

"आपा, क्या कर दिया आपने! ये कौनसा झंडा है?"

"जो आपने बोला वही."

"मैंने ये बोला? मैंने?" फोन बंद.

काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. झेंडे दुपारी कामगारांनी लावले होते. पाहुणे आले तेव्हा काही जण झेंड्यांकडे बघून थांबले, काही हसले, एकाने फोटो काढला. मग एका इंजिनियरची आई आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, मुलाला भेटायला नेदरलँड्सहून आलेली. अंगात नारिंगी जाकीट, केसांत नारिंगी फूल. लॉनच्या दारात आली, झेंड्यांची रांग बघितली आणि तिथेच उभी राहिली. मुलगा हात धरून आत न्यायला लागला तर तिने हात सोडवून घेतला. ती आत आली नाही. मुलगा तिला गाडीत बसवून परत घेऊन गेला. अर्ध्या तासात कामगारांनी सगळे झेंडे उतरवले. तो फोटो मात्र कंपनीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून त्यांच्या देशातल्या हेड ऑफिसपर्यंत पोचला.

दोन दिवसांनी अर्बाब दुकानात आला. अर्बाब म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, ज्याच्या नावावर खालाचा व्हिसा आहे. शांत माणूस. खालाच्या नवऱ्याच्या मयतीला स्वतः गाडी घेऊन आला होता. त्याने टेबलावर एक कागद ठेवला, वर अरबी, खाली इंग्रजी. तो इव्हेंट कंपनीने तयार करून पाठवला होता.

"शकीला, साइन करो. खलास."

"क्या लिखा है, अर्बाब?"

त्याने कागदाकडे न बघता सांगितलं, "तुमने अपने दिमाग से कलर चेंज किया. कंपनी ने नहीं बोला था."

"बोला था."

अर्बाबने हात वर केले. "मैं जानता नहीं. वो बोलता है, साइन नहीं तो दुकान को देता है वो काम बंद. सब काम. परदे, युनिफॉर्म, सब." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हारा कार्ड जून में खतम. साइन के बाद रिन्यू नहीं कर सकता. मेरे को माफ करो."

सही केली तर इथे राहायचा परवाना संपून तीस जूनला गावी परत जायचं, आणि नाही केली तर दुकानातल्या बाकी सात बायकांचं काम जायचं. खाला म्हणाली, "कल." आणि कागद पिशवीत टाकला.

त्या रात्री जेवणाच्या वेळी ती वर आमच्याकडे आली. आईने ताट पुढे केलं तर नको म्हणाली. पिशवीतून आधी कागद काढला, मग एक झेंडा. उतरवलेले झेंडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून दुकानात परत आले होते, त्यातला एक. तिने तो टेबलावर पसरला आणि तळहाताने सुरकुत्या काढल्या. शिलाई नेहमीसारखीच सरळ होती.

"सावनी, तू शिकलेली हायस. मना सांग, ह्यात काय हाय? शाप हाय का काय? म्हातारी बाई बघून मागं फिरली म्हणतात."

मी लॅपटॉप उघडला. शोधायला तासभर गेला, कारण मलाही काही माहीत नव्हतं. डच लोक फुटबॉलला नारिंगी कपडे घालतात, एवढंच. मी वाचत गेले आणि तिला मराठीत सांगत गेले.

"खाला, ऑरेंज हे आधी एका गावाचं नाव आहे. फ्रान्सच्या दक्षिणेला."

"संत्र्याचं गाव?"

"नाही ना. संत्र्याशी काही संबंधच नाही. गावाचं नाव फार जुनं, संत्री तिकडे पोचायच्या कितीतरी आधीचं. आपलं नारिंग इराणातून, अरबांकडून तिकडे गेलं. जाता जाता त्याचं नाव बदलत गेलं, आणि शेवटी ते गावाच्या नावासारखं वाजायला लागलं. मग लोकांनी दोन्ही एकच करून टाकलं. गंमत म्हणजे डच लोक स्वतः संत्र्याला ऑरेंज म्हणत नाहीत. चीनचं सफरचंद म्हणतात."

खालाच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. "म्हणजे त्यांच्यातबी कोणीतरी नीट ऐकलेलं नाय."

आईसुद्धा हसली आणि तिच्यापुढे परत ताट सरकवलं. ह्या वेळी तिने चपातीचा तुकडा तोडला.

"त्या गावाची जहागीर एका सरदाराच्या विल्यम नावाच्या मुलाला वारशात मिळाली," मी पुढे सांगितलं. "तो पुढे डच लोकांचा पुढारी झाला, स्पेनच्या राजाविरुद्ध लढला. साडेचारशे वर्षांपूर्वी. लोक त्याला ऑरेंजचा विल्यम म्हणायचे. त्याच्या माणसांनी त्या नावाचा रंग घेतला. आताचा राजा त्याच घराण्यातला. म्हणून त्यांचा रंग नारिंगी. आणि त्या विल्यमच्या बाजूच्या लोकांचा झेंडा होता..." मी थांबले. स्क्रीनवर चित्र होतं.

"काय व्हता?"

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली निळा.

तिने चित्र बघितलं, मग टेबलावरचा झेंडा बघितला. "हा तर माजाच."

"हो."

"मग मी बरोबरच शिवलंय की!"

"चारशे वर्षांपूर्वी बरोबर असतं, खाला."

पुढचं वाचताना माझा आवाज खाली आला. नंतरच्या काळात केशरीच्या जागी हळूहळू लाल आला. नक्की का ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं राजकारण, कोणी म्हणतं समुद्रावर केशरी रंग टिकत नव्हता.

"टिकणारच नाय," खाला लगेच म्हणाली. "उन्हात आधी केशरीच उडतो. इथं दोन महिने बाहेर ठेव, पिवळट होतो. त्यात काय इचारायचं."

पण जुना झेंडा लोकांच्या आठवणीत होता. नव्वदेक वर्षांपूर्वी त्यांच्या देशात हिटलरच्या बाजूचा एक पक्ष निघाला आणि त्याने हा जुना झेंडा उचलला. तेव्हा तिथल्या राणीने हुकूम काढला की देशाचा झेंडा लाल, पांढरा, निळा. मग जर्मन सैन्य आलं. पाच वर्षं राहिलं. त्या पक्षाची माणसं शेजाऱ्यांची नावं सांगत फिरत होती. राणी परदेशात होती. लोक तिच्यासाठी गुपचूप कोटाला नारिंगी फूल लावायचे, आणि त्याबद्दल त्यांना पकडलं जायचं.

मी आकडे आणि नंबर हाताळणारी मुलगी. हे वाचताना मला विचित्र वाटत होतं. रंग एकच. तीन आकडे तेच. अंगावर घातला तर राणीच्या बाजूचा, आणि झेंड्याच्या वरच्या पट्टीत शिवला तर शत्रूच्या बाजूचा. आमच्या मशीनला हा फरक कधी दिसला नसता.

खालाने झेंडा टेबलावरून उचलला आणि मांडीवर घेतला. चपाती तशीच राहिली.

"ती म्हातारी तवा किती वर्षांची असंल?"

"जर्मन गेले तेव्हा सात."

"सात वर्षांचा पोर सगळा बघतो," ती म्हणाली. तिने मांडीवरच झेंड्याची घडी घातली. मग म्हणाली, "पण परताबभाईनं ऑरेंज वर का सांगितलं मग?"

त्याचं उत्तरही तिथेच होतं. राजाच्या वाढदिवसाला काय करतात त्याचा फोटो. काठीवर लाल-पांढरा-निळा झेंडा, आणि त्याच्या वर, त्याच काठीला, एक लांब निमुळती नारिंगी पताका. राजघराण्याच्या दिवशी झेंड्याच्या वर पताका लावायची, अशी त्यांची पद्धत.

खालाने फोटो मोठा केला. मग फोन काढून काकांचा मेसेज लावला. "और ऊपर ऑरेंज रहेगा, हां?" तिने तो तीन वेळा ऐकला.

"ह्या पोराला स्वतःलाच म्हायत नव्हता वर म्हणजे कशाच्या वर," ती म्हणाली. "मी इचारलं, तर हां हां बोलला."

दुसऱ्या दिवशी तिने अर्बाबला सांगितलं की सही करायच्या आधी तिला त्या डच कंपनीच्या माणसासमोर जायचंय. अर्बाब म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे नाही. मग तिच्या सांगण्यावरून मीच त्या कंपनीला मेल लिहिला. मला उत्तराची आशा नव्हती, पण तिसऱ्या दिवशी आलं. ॲडमिनिस्ट्रेशनच्या प्रमुख बाईंनी गुरुवारी अकरा वाजता पंधरा मिनिटं दिली होती. इव्हेंट कंपनीलाही बोलावलं होतं.

गुरुवारी मी हाफ डे घेतला. डच कंपनीचं ऑफिसही कुरुममध्येच, सहाव्या मजल्यावर. खालाने नवा काळा बुरखा घातला होता आणि पिशवीत झेंडा नीट घडी करून ठेवला होता. आत गेलो तर प्रतापकाका आधीच बसलेले. मला बघून ते दचकले.

"अगं सावनी? तू इथे?"

"खालाबरोबर आलेय, काका."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि टाय सरळ करू लागले.

डच बाई पन्नाशीच्या, आखूड पांढरे केस. आमच्याशी इंग्रजीत बोलल्या. आधी खालाला म्हणाल्या, "तुम्ही आलात ह्याचं मला आश्चर्य वाटलं. बसा." मग विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम केलंत का?"

मी सांगायच्या आधीच खालाला कळलं. तिने मान हलवली. "नो मॅडम. ही टेल. आय मेक." तिने काकांकडे बोट केलं नाही, फक्त फोन टेबलावर ठेवला आणि मेसेज लावला.

खोलीत काकांचा आवाज घुमला. बाईंना हिंदी येत नव्हतं. त्या काकांकडे वळल्या. "काय म्हणता आहात तुम्ही?"

काकांनी घसा साफ केला. इंग्रजीत म्हणाले, "मी त्यांना सांगतोय, चाळीस झेंडे, लाल, पांढरा, निळा. आणि झेंड्याच्या वर नारिंगी पताका."

बाईंनी ते लिहून घेतलं.

खाला माझ्याकडे बघत होती. पताकेसाठीचा इंग्रजी शब्द तिच्या ओळखीचा नव्हता, पण काकांनी एक जास्तीचा शब्द टाकला हे तिला कळलं होतं. लहानपणी पावसात शाळेचा रस्ता वाहून गेला होता तेव्हा काकाच मला खांद्यावर घेऊन पलीकडे गेले होते. मला तेव्हा ते आठवायची काही गरज नव्हती, पण आठवलं.

"मेसेजमध्ये पताका हा शब्द नाहीये," मी म्हणाले.

"सावनी," काका मराठीत म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस, बाळा. तुला ह्यातलं कळत नाही."

"झेंड्याच्या वर, असंही नाहीये. फक्त 'वर' आहे. वर ऑरेंज. त्यांनी विचारलं, लालच्या जागी का, सगळ्यात वर का, तर उत्तर आहे हो हो. आणि झेंड्याचा फोटो पाठवला तेव्हा..." मी खालाच्या फोनवर तो अंगठा आणि 'एकदम सही' दाखवलं.

बाईंनी फोन हातात घेतला. त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर काहीतरी उघडलं आणि तो काकांकडे वळवला. त्यांनी इव्हेंट कंपनीला पाठवलेला मेल होता. त्याला एक चित्र जोडलेलं होतं. काठी, झेंडा, वर पताका, मापांसकट.

"हे चित्र तुम्ही ह्यांना पाठवलंत?"

काकांनी लॅपटॉपवरचं चित्र नीट बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, सांगितलं की पुरे."

बाईंनी खालाच्या पिशवीकडे बघितलं. "तो तुम्ही आणलाय?"

खालाने झेंडा काढून दिला. बाईंनी तो उघडला नाही, घडी तशीच ठेवून कडेची शिलाई बोटाने बघितली. "तुम्हाला वरची पट्टी नारिंगी असेल असं का वाटलं?"

मी खालाला सांगितलं. ती मला मराठीत म्हणाली, "सांग, आमच्या झेंड्यात वर केशरीच असतो. मी वर्षानुवर्षं तेच शिवलंय. हाताला तेच म्हायत. आणि सांग, त्या म्हातारीची मी माफी मागते. मना कोणी सांगितलं असतं तर मी तो शिवलाच नसता, कोणी कितीबी बोलला तरी."

मी सांगितलं. बाईंनी घडीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझा आजोबा युद्धाच्या दिवसांत ह्या झेंड्याखाली चालत जायचा. आमच्या घरी ते कोणी बोलत नाही." त्यांनी झेंडा परत खालाकडे दिला. काका खिडकीबाहेर बघत होते.

"ऑर्डर अपुरी होती आणि टेलरने विचारूनच काम केलं, असं ज्यांनी ऑर्डर दिली त्यांनी सही करून, कंपनीचा शिक्का मारून द्यावं," त्या म्हणाल्या. "मग त्या दुकानाविरुद्ध आम्ही काहीही मागणार नाही. तसं मी तुमच्या मालकांनाही कळवीन."

"ऑफिसशी बोलून देतो," काका म्हणाले.

ते ऑफिसशी बोलले नाहीत. एक आठवडा गेला, दोन गेले. खालाचे फोन उचलले नाहीत. माझ्या मेसेजला दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. आईने मला विचारलं, "काकांशी भांडलीस का तू? त्यांच्या घरून वासंतीचा फोन होता, फार तुटक बोलली." अर्बाब रोज यायचा, कागद मागायचा, खाला म्हणायची, "दो दिन." मे संपला. दुकानात बाकी बायका तिच्याशी नीट बोलेनाशा झाल्या होत्या. त्यांना वाटत होतं ही सही करत नाही म्हणून सगळ्यांचं काम जाणार. खाला मापाचा कागद आता टेबलावर ठेवायची, दोन्ही कोपऱ्यांवर कात्र्या ठेवून, आणि प्रत्येक रेघेआधी वाचायची. मी ते पाहिलं.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "चल बाय, त्यांच्या घरी जाऊ."

मजकूर मी टाइप करून प्रिंट काढला होता. इंग्रजीत चार ओळी. त्यात कोणाला दोष दिलेला नव्हता.

काकांचा फ्लॅट शाळेच्या मागच्या गल्लीत. दार त्यांच्या बायकोने, वासंतीकाकूंनी उघडलं. खालाला बघून त्यांचा चेहरा बदलला, मला बघून आणखी बदलला. तरी म्हणाल्या, "या." काका टी-शर्टमध्ये सोफ्यावर होते. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा क्षितिज अभ्यास करत होता, दार अर्धं उघडं.

"सुट्टीच्या दिवशी घरी?" काका म्हणाले.

"ऑफिसात तुमी भेटत नाय, परताबभाई." खाला उभीच राहिली. "कागद हाय. खरं तेवढंच लिवलंय."

काकांनी वाचला. खाली ठेवला. "मी ह्याच्यावर सही केली ना आपा, तर मी गेलो. कळतंय का तुम्हाला? कंपनी म्हणेल चित्र का नाही पाठवलंस. पंधरा वर्षं झालीत मला तिथे. क्षितिज बारावीला आहे."

"मना म्हायत हाय."

"मग?"

"मग काय? माज्यापुढं जो कागद हाय तो सगळाच खोटा हाय. त्याच्यावर मना सही करायला सांगतात. मी मुद्दाम केलं म्हणून. मी मुद्दाम कोणाचा रुमालसुद्धा वाकडा शिवला नाय. घरी पाठवा, जाते. पण ते नाव घेऊन मी बोटीवरबी चढणार नाय, इमानात बसायचं तर सोडाच."

"म्हणजे माझं नाव गेलं तरी चालेल."

"तुमचं नाव खराब करायला मी काय लिवलंय? वाचा की. 'ऑर्डर अपुरी' लिवलंय. खोटं हाय?"

वासंतीकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणालात टेलरने न विचारताच केलं."

"वासंती, तू आत जा."

"नाही, मला ऐकायचंय. तो मेसेज आहे ना? लावा."

खालाने लावला. काकूंनी पूर्ण ऐकला, तिचा प्रश्नही, काकांचं 'हां हां'ही. मग फोटो बघितला. "तुम्ही 'एकदम सही' लिहिलंय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "फोटो बघून लिहिलंय."

"मी बघितला ऑरेंज आहे म्हणून! मला काय माहीत कुठला ऑरेंज कुठे! तुला माहीत होतं? हिला माहीत होतं? कोणाला माहीत होतं इथे?" काकांचा आवाज फुटला. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार बंद झालं.

"कोणालाच नाय," खाला म्हणाली. "म्हणून तर इचारलं व्हतं मी."

काकांनी कागद पुन्हा वाचला. मग पेन मागितलं. मी दिलं. त्यांनी सही केली, आणि कागद आमच्याकडे सरकवला. खालाने तो घेतला नाही.

"शिक्का," ती म्हणाली. "शिक्क्याशिवाय अर्बाब हातात घेणार नाय."

ते तिच्याकडे बघत राहिले, जणू आता तरी ती सोडून देईल. मग उठले, आत गेले, ऑफिसची बॅग आणली. शिक्का वाळला होता. त्यांनी शाईच्या पॅडवर तो दोनदा दाबला आणि सहीवर मारला. निळा, जरा तिरका.

वासंतीकाकूंनी दार बंद केलं तेव्हा त्या आमच्याकडे बघत नव्हत्या.

जिन्यात मी म्हणाले, "सुटलीस खाला."

ती कागदाच्या दोन कडा दोन हातांत धरून उतरत होती, कठड्याला न धरता, पाय चाचपडत. "मी सुटले," ती म्हणाली. "रविवारी ऑफिस उघडला की त्याच्यापुढं असाच कोणतरी कागद ठेवणार. आणि त्याच्याकडं तर मेसेजबी नाय कोणाचा, लावायला."

खाली गल्लीत ऊन चढलं होतं. मी गाडीचं दार उघडलं आणि म्हणाले, पिशवीत ठेव, वाऱ्याने उडेल. तिने मान हलवली. शिक्का अजून ओला होता. ती तशीच पुढच्या सीटवर बसली, कागद मांडीवर उघडा ठेवून, आणि वाळेपर्यंत त्याची घडी घातली नाही.